प्याद्याला नाव दिलं की

बुद्धिबळात प्यादं मेलं की आपण ते उचलून डबीत टाकतो. त्याच्यासाठी कुणी हळहळत नाही. उलट वजीर वाचवायला प्यादं दिलं तर बाजूला बसून बघणारा 'वा!' म्हणतो. आता समजा, त्या प्याद्याचं नाव डॉर्कस आहे. त्याची बायको नाताली पायाने अधू आहे. तिच्या उपचारासाठी पैसे हवेत म्हणून हा साधा माणूस कुऱ्हाड घेऊन लुटारूंच्या टोळीत शिरलाय, आणि तुमच्यातली एक मुलगी भर लढाईत त्याच्याजवळ जाऊन चार शब्द बोलली म्हणून तो तुमच्या बाजूला आलाय. आता द्या बरं त्याला वजिराच्या बदल्यात.

जपानी डावपेचांच्या रोल-प्लेइंग गेमचं सगळं मर्म मला या एका फरकात दिसतं. साहित्य मंडळाच्या अंकात गेमवर लेख कशाला, असं काहीजण म्हणतील. म्हणोत. गोष्ट सांगायचे जितके प्रकार माणसाने शोधले त्यातला हा एक आहे, आणि त्यात चांगलं-वाईट काय ते ओळखण्याची कसोटी असायला हवी, एवढंच माझं म्हणणं.

आधी हा प्रकार म्हणजे काय ते सांगतो. चौकोनी घरांचा पट असतो. तुमची दहा-बारा माणसं, समोर शत्रूची वीस-पंचवीस. आधी तुमची पाळी, मग त्यांची. कोण किती घरं चालणार, कुणावर वार करणार, हे तुम्ही निवांत बसून ठरवता. बोटांच्या चपळाईला इथे काही किंमत नाही. इथवर हे बुद्धिबळच झालं. रोल-प्लेइंगचा भाग असा, की प्रत्येक माणसाला स्वभाव आहे, भूतकाळ आहे, लढता लढता तो शिकतो, बळकट होतो, आणि दोन लढायांच्या मध्ये एक लांबलचक कथा पुढे सरकत राहते.

या प्रकाराचा जन्म कसा झाला ते बघितलं तर मुद्दा लगेच कळतो. इंटेलिजंट सिस्टिम्स या जपानी कंपनीने १९८८ मध्ये निन्टेन्डोच्या फॅमिकॉम यंत्रासाठी 'फॅमिकॉम वॉर्स' नावाचा युद्धाचा गेम केला. त्यात रणगाडे होते, सैनिक होते, कारखाने होते. रणगाडा फुटला? कारखान्यातून दुसरा काढा. दोनच वर्षांनी, १९९० मध्ये, त्याच कंपनीने शोझो कागा यांच्या आखणीनुसार 'फायर एम्ब्लेम' काढला. पट तसाच, पाळ्या तशाच. पण कारखाना गेला आणि प्रत्येक मोहऱ्याला नाव आलं, चेहरा आला. शिवाय एक कडक नियम आला: लढाईत मेलेला माणूस मेला. पुढच्या लढाईत तो नाही, त्याच्या पुढच्याही लढाईत नाही. नायक मार्थ मेला तर खेळच संपतो, बाकीचे मेले तर तुम्ही त्यांच्याशिवाय पुढे जायचं.

डॉर्कस ज्यात आहे तो या मालिकेतला सातवा गेम, 'ब्लेझिंग ब्लेड'. २००३ मध्ये तो गेम बॉय अॅडव्हान्सवर आला, आणि जपानबाहेर इंग्रजीत आलेला हा पहिलाच 'फायर एम्ब्लेम'. (नाव बघून बायबल वाचणाऱ्यांच्या भुवया उंचावल्या असतील. 'प्रेषितांची कृत्ये'च्या नवव्या अध्यायात यापो गावात राहणारी, विधवांसाठी कपडे शिवणारी दुर्कस भेटते. ती मरते आणि पेत्र तिला उठवतो. गेममधला डॉर्कस दाढीवाला कुऱ्हाडबाज आहे, आणि त्याला उठवायला कुणी पेत्र येत नाही.)

शत्रूशी बोलून त्याला आपल्याकडे वळवणं ही या मालिकेतली माझी सर्वांत आवडती गोष्ट. इथे जपानी बुद्धिबळाची, म्हणजे शोगीची, आठवण येते. शोगीत मारलेलं मोहरं डबीत जात नाही. ते मारणाऱ्याच्या हातात येतं, आणि पुढे तो ते आपलं म्हणून पटावर ठेवू शकतो. नातं असो वा योगायोग, 'फायर एम्ब्लेम' खेळताना समोरच्या घोळक्यात एखादा चेहरा वेगळा दिसला की हात थांबतो. हा मारायचा की याच्याशी बोलायचं? बोलायचं तर कोण बोलणार? आणि तो बोलणारा तिथवर जिवंत पोचणार का? डावपेच आणि गोष्ट एकाच घरात उभी राहतात ती अशी.

माझी कसोटी इथेच आहे. चित्रं सुंदर, संगीत भारी, कथा मोठी, हे सगळं पुष्कळ गेममध्ये असतं. हा प्रकार थोर होतो तो नियम आणि कथा एकच गोष्ट सांगतात तेव्हा. कथेत 'प्रत्येक जीव मोलाचा' असं पात्रं घसा फोडून सांगताहेत आणि नियम म्हणतोय की दोन-चार मेले तर काही बिघडत नाही, तर खेळणारा नियमाचंच ऐकतो. नेहमीच.

याचं वाईट उदाहरण त्याच मालिकेत आहे, म्हणून ते आधी सांगून टाकतो. पहिल्या गेमची नवी आवृत्ती २००८ मध्ये निन्टेन्डो डीएसवर आली. तिच्यात काही जादा प्रकरणं घातली होती, पण त्यांतली बरीचशी उघडायला अट अशी, की तुमच्या सैन्यात १५ किंवा त्याहून कमी माणसं उरलेली हवीत. म्हणजे सगळ्यांना जपून खेळणाऱ्याला ती प्रकरणं दिसणारच नाहीत. ती बघायची म्हणून लोक आपलीच माणसं मुद्दाम मरायला पाठवू लागले! ज्यांची बरीच माणसं गेली त्यांना थोडा दिलासा मिळावा, असा हेतू असेलही. नियमाने मात्र उलटंच शिकवलं.

आता जरा गणिताकडे वळू, कारण या प्रकारातली सगळ्यात गमतीची लबाडी तिथे आहे. वार करण्याआधी पडद्यावर टक्केवारी दिसते: वार लागण्याची शक्यता ९०. सरळ हिशेबाने दहा वारांतला एक चुकणार. पण २००२ च्या 'बाइंडिंग ब्लेड'पासून या मालिकेने एक युक्ती केली. यंत्र एकच यादृच्छिक आकडा काढत नाही, दोन काढतं आणि त्यांची सरासरी घेतं. ती दाखवलेल्या टक्क्यांपेक्षा कमी आली तर वार लागला. दोन आकड्यांची सरासरी मधल्या भागात गोळा होते, त्यामुळे पडद्यावर ९० दिसतं तेव्हा खरी शक्यता ९८ च्या वर असते. ७५ दिसतं तेव्हा जवळपास ८८. आणि १० दिसतं तेव्हा जेमतेम २.

ही फसवणूक झाली का? आकड्यांच्या दृष्टीने, हो. पण माणसाचं मन कसं चालतं ते बघा. ९० टक्के म्हटल्यावर आपण मनात 'लागणारच' असं धरून चालतो, आणि दहातला तो एक चुकला की यंत्राला शिव्या घालतो. खेळ करणाऱ्यांनी आकडा आपल्या मनाला जुळवून घेतला. शिवाय आपली माणसं साधारणपणे वरच्या टक्क्यांवर खेळतात आणि त्यांच्यावरचे शत्रूचे वार खालच्या टक्क्यांवर, म्हणून ही लबाडी बहुतेक वेळा आपल्याच बाजूने झुकते. तरीही कधीतरी तो दोन टक्क्यांचा वार लागतोच. तेव्हा जे वाटतं ते नियतीच्या जवळपासचं काहीतरी असतं. शोकांतिका शिकवताना सर हाच शब्द वापरतात, म्हणून मीही वापरला.

पटाबद्दल थोडक्यात. वाईट पटावर कोपरा धरून बसलं की काम होतं. शत्रू एकेक करून येतात आणि मरतात. चांगला पट तुम्हाला बसू देत नाही. डावीकडे खेडं आहे, लुटारू तिकडे निघालेत, ते पोचायच्या आत कुणीतरी तिथे जायला हवं. उजवीकडे चोर पेटी फोडून पळतोय. आणि पुढे तीन घरं जास्त गेलात तर तुमचा अभिमन्यू होणार. घाई आणि जपणूक एकाच वेळी मागतो तो पट चांगला. 'फायर एम्ब्लेम'चे जुने भाग यात वाकबगार आहेत. नवीन काही भाग मैदान मोकळं सोडून देतात आणि तिथे मला कंटाळा येतो.

आता यासुमी मात्सुनो या माणसाकडे येतो. माझ्या मते या प्रकाराला खऱ्या अर्थाने वयात आणलं ते त्यांनी.

१९९५ मध्ये क्वेस्ट कंपनीसाठी त्यांनी 'टॅक्टिक्स ओगर' केला. (पुढे मोठे प्रसंग उघड करतोय. खेळायचा विचार असेल तर हा परिच्छेद सोडा.) डेनाम हा तरुण आपल्या दडपलेल्या जमातीसाठी लढतोय. पहिल्या भागाच्या शेवटी त्याला हुकूम येतो: बाल्मामुसा गावातल्या आपल्याच लोकांची कत्तल कर. दोष शत्रूवर ढकलता येईल, आणि मग उरलेली जमात चवताळून उठेल. इथे खेळ थांबून तुम्हाला विचारतो, करणार की नाही? 'नाही' म्हणालात तर सुटलात असं वाटेल. पण कत्तल होतेच, आणि तिचं खापर तुमच्या माथी फुटतं. खरी मेख पुढे आहे. डेनामचा जिवलग मित्र वाइस तुमच्या उलट बाजूला जातो. तुम्ही हुकूम पाळलात तर तो चिडून तुम्हाला सोडतो, नाकारलात तर तो पाळणाऱ्यांत उभा असतो. माणसाचं मत तत्त्वातून येतं की कुणाच्या तरी विरोधातून, हा प्रश्न लेखकाने एकही भाषण न देता, नुसत्या मांडणीतून विचारला आहे. साधारण गेममध्ये बरोबर उत्तराला बक्षीस असतं. इथे बरोबर उत्तर म्हणून काही ठेवलेलंच नाही. पुढची लढाई कुणाशी आणि कुणासोबत, एवढंच बदलतं.

मग मात्सुनो स्क्वेअर कंपनीत गेले आणि १९९७ मध्ये 'फायनल फँटसी टॅक्टिक्स' आला. अनेकजण याला या प्रकाराचं शिखर मानतात, मीही मानतो. इंग्लंडमधल्या गुलाबांच्या युद्धाची आठवण देणारं गादीचं भांडण, त्यात दोन मित्र: उमराव घराण्यातला रामझा आणि त्याच घरात वाढलेला पण हलक्या कुळातला डेलिटा. इतिहासात डेलिटा वीर आणि राजा म्हणून उरतो. रामझाचं नाव पुसलं जातं. आणि ही गोष्ट आपल्याला सांगतो तो शेकडो वर्षांनंतरचा एक इतिहासकार, दडपून ठेवलेल्या कागदपत्रांच्या आधारे. बखर आणि अस्सल कागद यांच्यातला फरक वर्गात शिकलेल्यांना ही चौकट फार जवळची वाटेल.

नियमांबद्दल सांगायचं तर इथे पट सपाट नाही. छपरं आहेत, जिने आहेत, कडे आहेत. उंचावरचा तिरंदाज लांब मारतो. पाठीवर केलेला वार चुकवणं समोरच्या वारापेक्षा अवघड, म्हणून आपली चाल संपवताना माणसाचं तोंड कुठे करून ठेवायचं हेही ठरवावं लागतं. पाळ्याही सैन्याच्या नाहीत, ज्याच्या त्याच्या वेगानुसार येतात. मोठा मंत्र म्हणायला वेळ लागतो, आणि तो पुरा होईपर्यंत शत्रू तिथून हललेला असू शकतो. नाहीतर तो पुढे येऊन तुमच्याच माणसाला चिकटतो, आणि मंत्र दोघांवर पडतो. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी कपाळावर हात मारला होता.

पण सगळ्यात विलक्षण नियम श्रद्धेचा. प्रत्येक माणसाला श्रद्धेचा आकडा असतो. बहुतेक मंत्रांचं बळ ठरवताना मंत्र म्हणणाऱ्याची श्रद्धा आणि ज्याच्यावर म्हटला त्याची श्रद्धा, दोन्हींचा गुणाकार होतो. दोघांची ७०-७० असेल तर मंत्र साधारण निम्म्या ताकदीने लागतो. म्हणजे बरं करणारा कितीही भाविक असला तरी जखमी माणसाचा विश्वास नसेल तर औषध लागू होत नाही. आणि ज्याची श्रद्धा खूप, त्याला दुवा जशी जोरात लागते तशीच आगही. श्रद्धा माणसाला बरं होण्यासाठी उघडते आणि जखमी होण्यासाठीही, हे एका गुणाकारात बसवलंय! त्याहून पुढची गंमत म्हणजे एखाद्याची श्रद्धा फारच वाढली तर तो लढाई सोडून देवाच्या कामाला निघून जातो, कायमचा.

या गेममधली धर्मसंस्था खलनायकाच्या बाजूला आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. आमच्यासारख्या कॉलेजात हे बोलताना एक मैत्रीण म्हणाली, "मग हा चर्चविरोधी गेम झाला ना?" मला तसं वाटत नाही. ती संस्था काल्पनिक आहे. शिवाय पाखंडी ठरवला गेलेला रामझाच त्या कथेत सर्वांत जास्त विवेकाने वागतो. श्रद्धेचा आकडा आणि श्रद्धेने वागणं यांतलं अंतर हा या गेमचा विषयच आहे. मैत्रिणीला अजून पटलेलं नाही.

मरणाचा नियमही इथे वेगळा. माणूस पडला की त्याच्या डोक्यावर आकडा येतो, ३ पासून, आणि त्याची पाळी येईल तसा एकेक उतरतो. तो संपायच्या आत कुणी उठवलं तर वाचला. नाहीतर त्याचा कधी स्फटिक होतो, कधी पेटी. त्या स्फटिकावर दुसरा कुणी जाऊन उभा राहिला तर मेलेल्याची काही विद्या त्याला मिळू शकते. मृत्यू आणि वारसा, दोन्ही एका घरात.

वारसा म्हटल्यावर कागांचा १९९६ चा 'जिनिऑलॉजी ऑफ द होली वॉर' आलाच, पण त्याबद्दल एवढंच सांगतो की अर्ध्या वाटेवर नायक आणि त्याचे बहुतेक सोबती दगा होऊन मारले जातात. उरलेला खेळ त्यांची मुलं खेळतात. कुणाचं लग्न तुम्ही कुणाशी जमू दिलंत त्यावर त्या मुलांचं बळ आणि हत्यारं ठरतात. आईबापांच्या पिढीत तुम्ही ज्याकडे दुर्लक्ष केलंत ते पुढच्या पिढीत भोगायचं.

आता तुमच्यापैकी ज्यांनी हे गेम खेळलेत ते मघापासून एक आक्षेप धरून बसले असतील. 'कायमचा मृत्यू वगैरे सगळं ठीक, पण खरं सांग, माणूस मेला की तू काय करतोस? रीसेट!' बरोबर आहे. आपण सगळे तेच करतो. मरणाचा नियम एवढा कडक, आणि त्यावर उतारा म्हणून यंत्राचं एक बटण. म्हणजे मरण कधी घडतच नाही, फक्त आपले दोन तास जातात. खेळ करणाऱ्यांनाही हे ठाऊक होतं. २०१० पासून 'फायर एम्ब्लेम'मध्ये सौम्य पर्याय आला, ज्यात पडलेली माणसं पुढच्या लढाईत परत येतात. २०१९ च्या 'थ्री हाउसेस'मध्ये तर काळ काही पावलं मागे फिरवायची सोय आहे, लढाईत ठराविक वेळाच. आधी मला हे भित्रेपणाचं वाटायचं. आता वाटत नाही. एकतर ज्याला कॉलेज, ट्यूशन आणि घरकाम सांभाळून खेळायचंय त्याचे दोन तास फुकट नाहीत. दुसरं असं, की माणूस मेल्याशिवाय त्याची किंमत कळतच नाही असं थोडंच आहे!

'थ्री हाउसेस' हेच त्याचं उत्तम उदाहरण. इथे तुम्ही एका मठातल्या शाळेत शिक्षक आहात. तीन गटांतला एक निवडायचा आणि त्यातल्या मुलांना वर्षभर शिकवायचं: कुणाला भाला, कुणाला घोडेस्वारी, कुणाला मंत्र. मधूनमधून चहाला बोलवायचं, हरवलेल्या वस्तू शोधून द्यायच्या, खानावळीत सोबत जेवायचं. (आमच्या एका मॅडमना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "एवढा वेळ असता तर!") वर्षाच्या मध्यावर ग्रोंडर नावाच्या मैदानात तिन्ही गटांची लुटुपुटूची लढाई होते. मध्ये टेकडी, ती कोण आधी घेतो याची चुरस. हरलेले हसतात, मग सगळे एकत्र मेजवानीला जातात. पुढे युद्ध होतं, पाच वर्षं जातात, आणि कथेच्या दोन वाटांवर तुम्ही पुन्हा त्याच मैदानात येता. तोच पट. तीच टेकडी. समोर तेच चेहरे, ज्यांना तुम्ही आपल्या गटात घेतलं नव्हतं. आता हत्यारं खरी आहेत आणि टेकडी पेटवली जाते. मैदानाचा नकाशा आपल्याला पाठ असतो, म्हणूनच जास्त लागतं. इथे काळ मागे फिरवता येतो, पण किती? काही पावलं. पाच वर्षं नाही.

२०२२ चा 'ट्रायँगल स्ट्रॅटेजी' याच वाटेवरचा. त्यात मोठा निर्णय नायक एकटा घेत नाही, सात सोबत्यांचं मतदान होतं आणि त्यांना आधी जाऊन पटवावं लागतं. कल्पना सुरेख, बोलणं मात्र फार लांबतं. मतदानाआधी मला दोनदा डुलकी लागली.

सुरुवात कुठून करावी असं विचाराल तर 'ब्लेझिंग ब्लेड'पासून करा, तो शिकवत शिकवत पुढे नेतो. 'फायनल फँटसी टॅक्टिक्स' २०२५ मध्ये नव्या रूपात आलाय, तो दुसरा घ्या. आणि निदान एक अख्खा गेम रीसेट न करता खेळून बघा. मी 'ब्लेझिंग ब्लेड' तसा एकदा खेळलो. शेवटी उरलेल्यांचं पुढे काय झालं ते एकेकाच्या नावानिशी येतं: कुणी गावी परतला, कुणी लग्न केलं, कुणी राज्य सांभाळलं. मधल्या एका प्रकरणात मी घाईने एक घर पुढे गेलो होतो. यादीत डॉर्कसचं नाव आलं, आणि त्याच्यापुढे फक्त तो कुठल्या प्रकरणात पडला एवढंच होतं. नातालीबद्दल त्यात काही नव्हतं.